अकराव्या गाण्याची शेवटची ओळ

दादाला वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी आत्मपरीक्षण सुचलं, तेही दोन इलेक्ट्रिक गिटारी आणि ड्रमच्या साथीनं. अकरा गाण्यांचा अल्बम. एका गाण्यात तो दारूबद्दल माफी मागत होता, दोन गाण्यांत सोडून दिलेल्या बायकोची, आणि एकात चक्क आरशाची. दहा गाणी झाली होती. अकरावं आईचं होतं आणि त्यासाठी त्यानं धाकट्या बहिणीला स्टुडिओत बोलावलं.

बोलावणं येणार हे तिला ठाऊकच होतं. चाळीस वर्षं त्याच्या प्रत्येक अल्बममध्ये मागचा आवाज तिचाच. पोस्टरवर तो, टाळ्या त्याला, आणि वरचा सूर लागेना की हाक चिमीला. त्रेसष्ट वर्षांची झाली तरी ती चिमीच. या वेळी मात्र ती डोक्यात राख घालूनच आली होती. आई जाऊन चौदा महिने झाले होते. शेवटचे तीन दिवस ही पलंगाशी बसून, आणि दादा दौऱ्यावरून फोन करून सांगतोय, डॉक्टर बदल, उशी उंच कर. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते तिला तेव्हा नीट कळलं. आणि आता मेल्या म्हशीला मणभर दूध!

काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट बसला होता. वाद्यं आधीच रेकॉर्ड झाली होती, दादाचा कच्चा आवाजही. तिनं हेडफोन लावून ऐकलं. पहिल्या कडव्यात आईचे हात, दुसऱ्यात तिचं शिलाई मशीन. चाल चांगली होती, आणि याचाच तिला जास्त राग आला. तिसऱ्या कडव्याच्या शेवटी मात्र शब्दच नव्हते, नुसतं ला ला ला.

"इथली ओळ कुठेय?"

"ती तुझ्याकडे आहे," दादा म्हणाला. डायरी मांडीवर, पेन हातात. शेवटची ओळ माइकपाशी बसून लिहायची ही त्याची जुनी खोड. "आई शेवटचं काय बोलली गं? तू होतीस ना तिथं."

"चौदा महिन्यांत नाही विचारलंस ते."

"अगं, गाणं आत्ता झालं."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आई काय बोलली ते ती एक दिवसही विसरली नव्हती. दार वाजलं की आई मान वळवायची आणि विचारायची, "आला का गं?" शेजारीण आली, नर्स आली, औषधं घेऊन माणूस आला, दर वेळी तेच. शेवटच्या सकाळीही तेच. पलंगाशी बसलेल्या मुलीला 'तू जेवलीस का' एवढंही नाही. ही आठवण तिला नकोशी होती, पण ती तिची एकटीची होती. ती काय याला द्यायची, गिटारवर वाजवायला?

त्याला लागावं, चांगलं खोल लागावं, म्हणून ती म्हणाली, "तुझं नावसुद्धा घेतलं नाही तिनं."

ती त्याचा चेहरा पडायची वाट बघत राहिली. तो पडला नाही. उलट त्याच्या भुवया वर गेल्या, ओठ हलले, आणि पायानं ठेका धरला.

"'तिनं माझं नावही नाही घेतलं,'" त्यानं चालीवर म्हणून बघितलं. "बसतंय की! काय ओळ दिलीस, चिमे!" आणि त्यानं ती लिहूनही टाकली.

"तुला काही लागतं की नाही रे?"

"लागलं ना. म्हणून तर लिहितोय."

"खोटं आहे ते!" ती ओरडली. "तीन दिवस तुझीच वाट बघत होती ती. दार वाजलं की, आला का गं, आला का गं. शेवटचं बोलली तेही तेच. तुझ्यावरच्या रागानं खोटं बोलले मी."

पेन थांबलं. त्याची हनुवटी थरथरली. तिला वाटलं, आता हा रडेल, मग आपणही रडू, आणि एकदाचं भांडण मिटेल. चौदा महिने ती एवढ्याचीच वाट बघत होती.

"नको," तो घसा साफ करून म्हणाला. "पहिलंच राहू दे. आई मुलाची वाट बघत गेली, हे शंभर गाण्यांत झालंय. चालीतही बसत नाही."

तिनं हेडफोन काढून खुंटीला लावले. स्पीकरमधून रेकॉर्डिस्टनं विचारलं, "ताई, तुमचा आवाज घेऊ या का?"

"नाही."

"नाटकं नकोत हं," दादा म्हणाला. "स्टुडिओ संध्याकाळपर्यंतच आहे आपल्याकडे."

"खोटं मी बोलले, ते माझ्या माथी. पण ते सुरात गाणार नाही."

"आणि आईच्या गाण्यात तुझा आवाज नसला तर लोक काय म्हणतील?"

ती पर्स खांद्याला लावून दाराशी पोचली होती. "आईच्या खोलीत तू नव्हतास, तेव्हा काय म्हणाले लोक?"

उत्तर दोघांनाही ठाऊक होतं. लोक काहीच म्हणाले नव्हते. त्या संध्याकाळी त्यानं स्टेजवरून आई गेल्याचं सांगितलं होतं, आणि भरलेल्या मैदानानं उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या.