बोगद्यापुरतं स्टिअरिंग

बाबांना सांगायचं काम शेवटी माझ्याच गळ्यात पडणार, हे मला ठाऊक होतं. माझा धाकटा भाऊ बेआट लहानपणी दातांच्या डॉक्टरकडेसुद्धा मलाच आधी आत ढकलायचा.

"तू मोठी आहेस, केथी," बाबांच्या गावी, श्पीत्स स्टेशनवर उतरता उतरता तो म्हणाला. "शिवाय बाबा तुझं ऐकतात."

"माझं? कानाचं यंत्र घ्या म्हणून सांगितलं, तर म्हणाले, ऐकू आलं नाही."

माझा नवरा युर्ग आणि मुलगी लिव्हिया मागून येत होते. मागूनच यायचं त्यांनी ठरवलेलं होतं.

दर जुलैत आम्ही डोंगरांपलीकडे एल्विरामावशीकडे लोकार्नोला जातो. अर्धं घर रेल्वेनं आणि अर्धं बाबांच्या जुन्या सुबारूतून. गाडी जाते ग्रिम्सेल आणि नुफेनेन असे दोन घाट चढून, वर थांबून डब्यातलं खाऊन. बोगद्यातून जाणं म्हणजे बाबांच्या मते डोंगराचा अपमान. आई होती तोवर ती पुढच्या सीटवर बसून विणायची आणि वळणं आली तरी तिचा एक टाका चुकायचा नाही. गाडीतल्या जागांसाठी आमच्यात पूर्वी अक्षरशः मारामारी व्हायची.

मग गेला सप्टेंबर आला. एका रविवारी आम्ही ग्रिम्सेलवर जेवून उतरत होतो, आणि उतरत्या उन्हात गाडी सावकाश पांढरी रेघ ओलांडून पलीकडे गेली. समोरून पोस्टाची पिवळी बस येत होती. ती बाबांना दिसलीच नाही, तिनं हॉर्न वाजवल्यावर कळली. मी दारावरची दांडी अशी धरली होती की बोटं दोन दिवस आखडलेली होती. मागे लिव्हिया होती. "ऊन फार तिरपं होतं," बाबा म्हणाले, आणि घर येईपर्यंत आम्ही हवामानावर बोललो. आमच्या घरात गोष्ट खरोखर गंभीर असली की हवामानावरच बोलतात.

तेव्हापासून घरात सगळ्यांना रेल्वेचं प्रेम फुटलं. गाडीत बसलं की पाठ दुखते, असा युर्गला अचानक साक्षात्कार झाला. बेआटनं रेल्वेचा वर्षाचा पास काढला. लिव्हिया म्हणाली, मला रेल्वेत अभ्यास करायचाय. त्यावर तर बेआटसुद्धा हसला. पण 'बाबा, तुम्ही आता गाडी चालवू नका' हे वाक्य काही कुणाच्या तोंडून बाहेर पडेना. ते न बोलता जुलै उजाडला असता तर बाबा एकटे घाट चढायला निघाले असते, हे मात्र प्रत्येकाला दिसत होतं. मला तर ते झोपेतही दिसायचं.

स्टेशनवरून चालत घराजवळ पोचलो, तर बाबा कोपऱ्यावरच्या थांब्याशी बसमधून उतरताना भेटले. काखेत रविवारचा वेणीपाव.

"गाडी नाही काढली?" मी विचारलं.

"बसनं गेलं की थांब्यापर्यंत चालून पाय मोकळे होतात," ते म्हणाले. मागच्या खेपेलाही हेच म्हणाले होते. म्हातारपणी तब्येतीचं खूळ लागलं, असं मी मनात म्हटलं.

पाव, लोणी, चीज आणि चेरीचा मुरंबा संपल्यावर बाबांनी टेबलावर नकाशा पसरला. चार कोपऱ्यांवर मुरंब्याच्या बरण्या ठेवल्या. मी वाक्य न्हाणीघरातल्या आरशासमोर घोकून आले होते. बेआट माझ्याकडे बघत होता, आणि युर्ग खिडकीबाहेरच्या सरोवराकडे, जणू ते काल रात्री तिथे आणून ठेवलं होतं.

"तर," बाबा म्हणाले, "कान्डरश्टेगला गाडी रेल्वेवर चढवायची."

आमच्याकडे अशी रेल्वे आहे. तिच्या उघड्या डब्यांवर गाडी चढवायची, आपण आपल्या गाडीतच बसून राहायचं, आणि बोगद्यातून डोंगराच्या पलीकडे उतरून पुढे जायचं. घाटाची धास्ती असलेले लोक तिनं जातात. बाबांनी आयुष्यभर त्या लोकांची टिंगल केली होती.

"ब्रिगला पुन्हा दुसऱ्या रेल्वेवर," त्यांचं बोट सरकलं. "सिम्प्लॉन डोंगराच्या पोटातून थेट इटलीत. तिथून लोकार्नो काय, हाकेच्या अंतरावर. रेल्वेनं येणारे ब्रिगला आम्हाला भेटतील, सगळे मिळून जेवू."

"आणि ग्रिम्सेल?" बेआटच्या तोंडून निघून गेलं.

"ग्रिम्सेल कुठे पळून जातोय?"

"बाबा, बरं आहे ना तुम्हाला?"

"तू गप्प बैस. पास काढलायस ना वर्षाचा? खिडकीशी बस आणि मजा कर."

आता मला बोलायलाच हवं होतं. दोन बोगद्यांच्या मध्ये रस्ता होता, उताराचा, वळणांचा. "बाबा, तो मधला रस्ता…"

"तो तू चालवायचास."

"मी?"

"कान्डरश्टेगपर्यंत तूच. डब्यावर चढवायची तूच. पुढेही तूच." त्यांनी एक बरणी उगाच सरकवली, नकाशाचा कोपरा वर उचलला गेला. "मी लायसन्स परत देऊन टाकलं. फेब्रुवारीत."

माझं घोकलेलं वाक्य फुकट गेलं.

"डॉक्टरीणबाई पास करत होत्या हो," ते घाईनं म्हणाले. "तसं काही समजू नका. दर दोन वर्षांची ती म्हाताऱ्यांची तपासणी. म्हणाल्या, नवा चष्मा करा आणि दिवसाउजेडी चालवा. मीच म्हटलं, नको. त्या पोस्टाच्या बसचा हॉर्न मला अजून ऐकू येतो, केथी. इतर काही ऐकू येत नाही, पण तो येतो. मागे लिव्हिया होती गं."

लिव्हिया उठली आणि आजोबांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली.

"मग सांगितलं का नाहीत?" मी ओरडलेच. "इतके महिने मी झोपलेली नाही!"

"सांगितलं असतं तर तुम्ही सगळे माझ्याशी गोड बोलायला लागला असतात. ते मला सोसत नाही."

मी रडले, आणि रडता रडता हसले. छातीवरचा धोंडा उतरला. युर्गची पाठ तर जागच्या जागी बरी झाली. गाडीत एक जागा मलाही द्या, म्हणाला.

"पण एक अट आहे," बाबा म्हणाले. "बोगद्यात स्टिअरिंगवर मी बसणार. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये. तिथे लायसन्स कोण विचारतंय?"

"पण चढवणार केथी," बेआट म्हणाला. "आणि डब्यावर गाडीतून उतरायला बंदी आहे."

"कोण उतरतंय? नियम म्हणजे नियम. दार उघडायचं नाही. आतल्या आत जागा बदलायची."

"बाबा, तुम्ही ऐंशी वर्षांचे आहात!"

"म्हणून तर तालीम करायची. चला."

अशी आमची वरात गॅरेजमध्ये गेली. बेआट रेल्वेचा माणूस झाला आणि हात हलवून मला जागेवरच पुढे बोलवू लागला. मी हँडब्रेक ओढला, सीट मागे सारली आणि दोन सीटांच्या फटीतून मागे जायला निघाले. कंबर अडकली. "आई, तू गेल्या वर्षीची नाहीस," लिव्हिया म्हणाली आणि तिनं मला खेचलं, तशी मी तिच्या आणि युर्गच्या मांडीवर आडवी झाले. बाबांनी शेजारच्या सीटवरून, गिअर ओलांडून एक पाय टाकला. दुसरा टाकताना तोल गेला, आणि त्यांचं बूड सरळ हॉर्नवर बसलं.

रविवारी दुपारी बाबांच्या गल्लीत आवाज नको म्हणून कुणी रिकामी बाटलीसुद्धा फेकत नाही. वरच्या मजल्याची खिडकी ताडकन उघडली.

"ओस्कार! आज रविवार आहे!" शेजारच्या त्स्बिंडनबाई.

"आम्ही बोगद्यात आहोत, बाई!" बाबा ओरडले. "इथे रविवार कळत नाही!"

खिडकी लागली. लागता लागता आतून हसू ऐकू आलं, असं लिव्हिया म्हणते.

मी कशीबशी पुढे आले, बाबांच्या शेजारी. आईच्या जागेवर. बाबांनी टोपी सरळ केली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. समोर गॅरेजची भिंत, तिच्यावर टांगलेली बर्फाची फावडी.

"हँडब्रेक?" त्यांनी विचारलं.

"ओढलाय."

"दिवे?"

"बंद."

"सगळे बसले?"

"बसले, बाबा."

"मग निघतो," ते म्हणाले, आणि भिंतीकडे इतक्या लक्षपूर्वक बघू लागले की मागे कुणी हसलं नाही. थोड्या वेळानं त्यांनी स्टिअरिंग डावीकडे किंचित वळवलं. ग्रिम्सेलचं पहिलं वळण डावीकडेच आहे.

मला दारावरची दांडी आठवली. माझा हात तिच्याकडे गेलाच नव्हता. तो मांडीवर उघडा पडला होता. मी मान मागे टेकली आणि डोळे मिटले.