टेबलाच्या पायाखालचे पत्र

बालमित्रांनो, मी एक जुने टेबल आहे. सुताराने मला घडवले तेव्हा माझा एक पाय बोटभर आखूड राहिला. "कोण बघतंय खाली!" असे म्हणून त्याने मला सरकारला विकले. त्याचा अंदाज अचूक निघाला.

मी युद्धमंत्र्यांच्या खोलीत आलो. येणारेजाणारे म्हणत, "काय चकाकी आहे!" ती चकाकी शिपाईमामांची. मामा रोज मला पुसत आणि आघाडीवर लढणाऱ्या मुलाचे शेवटी आलेले पत्र खिशातून काढून पुन्हा वाचत.

एके दिवशी शत्रूच्या शहरावर अणुबॉम्ब टाकायचा की नाही, हे ठरायचे होते. बैठकीआधी मामांच्या हातात एक पत्र आले. बॉम्ब बनवणाऱ्या शास्त्रज्ञांनीच लिहिले होते : माणसांवर टाकू नका, आधी ओसाड बेटावर टाकून दाखवा. ते मंत्र्यांपुढे ठेवायचे होते. मामांनी ते दोनदा वाचले. मग घडीवर घडी घालून माझ्या आखूड पायाखाली सरकवले. जन्मात प्रथमच मी सरळ उभा राहिलो.

"सैन्य उतरवलं तर आपली लाखभर पोरं जातील," सेनापती म्हणाले.

"आणि बॉम्ब टाकला तर?" मंत्र्यांनी विचारले.

"त्यांची जातील, साहेब."

"त्यात शाळकरी किती?"

"ते मोजायला सांगितलं नव्हतं."

मंत्र्यांच्या तळहातांचा घाम माझ्यात मुरत होता. "दुसरा मार्ग कुणी सुचवलाय का?"

मामा चहा ओतत होते. कप भरून चहा बशीत आला, तरी ते ओततच राहिले.

"कुणीच नाही," सेनापती म्हणाले.

सही झाली. मी जरासुद्धा हललो नाही.

चार दिवसांत युद्ध संपले. एक शहरही संपले. मामांचा मुलगा धडधाकट घरी आला. मला पुसता पुसता मामा पुटपुटले, "पोरगं विचारतं, बाबा, लढाई थांबली कशी हो? काय सांगू रे त्याला?" मला बोलता येत नाही, याचे त्या दिवशी बरे वाटले. पत्र वाचून मंत्र्यांनी ऐकलेच असते, असे मी म्हणत नाही. पण त्यांनी दुसरा मार्ग विचारला तर होता!

मामा निवृत्त झाले, माझी चकाकी गेली. उद्या पुन्हा बैठक आहे. मंत्री नवे, युद्ध नवे, बॉम्ब तर फारच नवे. मला धडकी भरली आहे.

मित्रांनो, टेबलाखाली शिरायची सवय फक्त तुम्हाला असते. कुणी आत येऊ दिले, तर माझ्या पायाखाली अजून असलेले ते पत्र ओढून काढा आणि मोठ्याने वाचा. मी डुगडुगेन, चहा नकाशावर सांडेल, तुम्हाला ओरडा बसेल. बसू द्या.