जेवणाच्या सुट्टीतली मैफल

चौघांच्या त्या वादक मंडळीत चेलो, म्हणजे व्हायोलिनच्या जातीचं मोठं वाद्य, वाजवणारा वयानं सगळ्यांत थोरला. तीस वर्षं एकाच सभागृहात वाजवत आलेला. अलीकडे श्रोते इतके रोडावले होते, की खोकला कुणाचा हे मान वर न करताही त्याला कळायचं. त्याची मेहुणी नाच शिकवायची. तिनंच सुचवलं, लोक आपल्याकडे येत नसतील तर आपण त्यांच्याकडे जाऊ. तुम्ही वाजवा, मी नाचते. बाकीचे तिघे एका पायावर तयार झाले. ह्यानं आढेवेढे घेतले, पण बायकोनंच बहिणीची बाजू उचलून धरल्यावर त्याचं काय चालणार?

पहिला कार्यक्रम ठरला कपडे शिवायच्या कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत. तालमींनीच त्याचा जीव मेटाकुटीला आला. कागदावरचे सूर बघायचे, की मेहुणीचे पाय? गिरकी घेताना ती अर्ध्या श्वासाइतका वेळ जास्त लावायची, आणि तेवढा गज लांबवताना त्याचा खांदा भरून यायचा.

कॅन्टीनमधली टेबलं सरकवून जागा केली होती. वादन सुरू झालं. डबे उघडले, चमचे वाजू लागले. डोळे सगळ्यांचे मेहुणीवर. चेलोकडे कुणी ढुंकूनही पाहीना. रचनेच्या तिसऱ्या भागात ओल्या लादीवर तिचा पाय मुरगळला. ती जागच्या जागी खाली बसली आणि वाजवत राहा, अशी तिनं मानेनं खूण केली. मग बसल्या बसल्या नुसत्या हातांनी नाचू लागली. त्यानं लय उतरवली. चमचे हळूहळू थांबले.

तेवढ्यात घंटा झाली. माणसं उठली, निघूनही गेली. रचना अर्धवट राहिली. तो गज पुसत असताना इस्त्री विभागातली एक बाई परत आली.

“पुढं काय होतं?”

“अजून दोन पानं आहेत.”

“मग सोमवारी जरा लवकर सुरू करा. घंटेच्या आत संपलं पाहिजे.”

तो बरं म्हणाला. नाही म्हणण्याइतकंही त्राण उरलं नव्हतं.

मेहुणी घोट्याला ओलं फडकं गुंडाळून बाकावर बसली होती.

“सोमवारचं कबूल करून बसलोय,” तो म्हणाला.

“मला न विचारता, भावोजी?”

“तू मला विचारलं होतंस?”

ती दमलेलं हसली. त्यानं चेलो पाठीवर घेतला, तिला हात दिला, आणि दोघं एकेक पायरी उतरू लागली.