खिडकीपाशची झीज

"बाबा, सरका ना जरा. फरशीवाला माप घ्यायला येईल एवढ्यात," लेक म्हणाली.

मातीसर स्वयंपाकघरात उकिडवे बसले होते. पुरातन वस्त्यांच्या जमिनी वाचण्यात त्यांचा जन्म गेला होता. माती कुठे दबली, राख कुठे साचली, यावरून चूल कुठे होती नि माणसं कुठे बसत, हे ते सांगत. विद्यार्थी पाठीमागे मातीसर म्हणत; तेच नाव चिकटलं. बायको गेल्यावर मात्र स्वतःच्या घरात साखरेचा डबा शोधताना त्यांची त्रेधा उडाली होती.

ओट्यापुढच्या फरशीवरची नक्षी पुसली गेली होती. त्यात नवल नव्हतं. पण खिडकीपाशीही तसाच झिजलेला तुकडा होता, दोन पावलं मावतील एवढा. तिथे ना ओटा, ना मोरी.

"ही इथे उभी राहायची," ते म्हणाले. "मी महिनोन्‌महिने उत्खननावर. रस्त्याकडे डोळे लावून बसत असणार बिचारी."

लेक घुटमळली. मग हळूच म्हणाली, "बाबा, रस्ता बाहेरच्या खोलीतून दिसतो. इथून फक्त समोरच्या काकूंची खिडकी. आई दुपारी त्यांच्याशी गप्पा मारायची. दोघी इतक्या हसायच्या, की मला अभ्यास सुचायचा नाही."

"हसायची? ही?"

"पोट धरून."

मातीसरांनी आठवून पाहिलं. त्यांच्याशी ती बोलायची ते विजेचं बिल, औषधं, पाहुणे. शांत बाई, असं ते चारचौघांत कौतुकानं सांगत. पुरावा थोडा असला की माणूस आपल्या सोयीचा अर्थ लावतो, हेही त्यांनी वर्गात कितीदा बजावलं होतं.

दुसऱ्या दिवशी लेक तिच्या घरी परत गेली. दुपारी मातीसर खिडकीत जाऊन उभे राहिले. समोर काकू धुणं वाळत घालायला आल्या. त्यांना पाहून काकूंचा हात थबकला.

"जेवण झालं का?" काहीतरी विचारायचं म्हणून काकूंनी विचारलं.

"झालं." मातीसर अडखळले. "तुम्ही दोघी काय बोलायचात हो एवढं?"

"काही नाही. असंच."

"असंच म्हणजे?"

"आता काय सांगू?" काकू चादर पिळत राहिल्या. "खोटं कशाला बोलू, तुमची नक्कल मात्र झकास करायची. चष्मा कपाळावर, अन् हातात खापर धरल्यासारखी वाटी."

मातीसरांना हसू आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"करून दाखवता?"

काकूंनी मान हलवली. "मला नाही येत. ती तिलाच जमायची."

त्यांनी चादर झटकून दोरीवर पसरली. खिडकी झाकली गेली. पलीकडून बादली उचलल्याचा आवाज आला, मग दार लोटल्याचा. मातीसर उभेच होते. चादरीच्या काठावरून पाणी ठिबकत होतं.