उबदार बाकाखालचा मी

एका काकूंचे दुखरे गुडघे.
पुठ्ठ्याचे फाटके खोके.
लांबून आरशासारखे चमकणारे तळे.
भर हिवाळ्यात पहाटेही कोरडे राहणारे गवत.
'झोपला' हा साधा शब्द.

मित्रांनो, या गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असे तुम्हाला वाटेल. बरीच वर्षे मीही तसेच समजून चाललो होतो. तसे समजण्यात माझी सोय होती.

मी एक जुना ढिगारा आहे. पायथ्याच्या पाटीवर आता मला 'टेकडी' म्हणतात. पण खऱ्या टेकडीला जमीन जन्म देते, मला डंपरांनी दिला. शेजारी दगडी कोळशाची खाण होती. कोळसा काढायचा तर आधी वरची माती आणि दगड बाजूला करावे लागत. ती सगळी टाकाऊ माती, आणि तिच्याबरोबर नकळत आलेला कोळशाचा चुरा, माझ्यावर येऊन पडे. कोणी मला हौसेने घडवले नाही. कुठेतरी टाकायचे म्हणून टाकत गेले आणि मी वाढत गेलो.

माझ्यावर सर्वांत जास्त खेपा टाकणाऱ्या चालकाला सगळे 'रिव्हर्स' म्हणत. एवढी मोठी गाडी तो माझ्या अगदी कडेपर्यंत उलटी आणी आणि टीचभर अंतरावर थांबवी. त्याची बायको म्हणे, गाडीचे ठीक आहे, पण हे घरात बोलतानाही आधी मागे जातात. त्यात तथ्य होते. एखादी अवघड गोष्ट सांगायची असली की तो हवापाण्यापासून सुरुवात करी आणि बहुधा तिथेच थांबे.

पुढे खाण बंद झाली. तिच्या खड्ड्यात पाणी साठून तळे झाले. मला टेकडी करायचे ठरले, तेव्हा एक अभियंता मला पाहायला आला. खाणीच्या कचेरीत ढीग 'झोपला' म्हणजे आतून थंड झाला. चालकांच्या बोलण्यात मात्र ढीग 'झोपला' म्हणजे तिथल्या खेपा थांबल्या. अभियंत्याने रिव्हर्सला विचारले, "वरचा भाग झोपलाय ना?"

"झोपलाय की. कधीचाच," रिव्हर्स म्हणाला. आणि तो खरेच बोलला होता.

मी झोपलो नव्हतो, नुसते डोळे मिटून पडलो होतो. वरचा थर रोलरने नीट दाबलाच नव्हता. फटींतून वारा आत येई आणि आतला कोळशाचा चुरा हळूहळू धुमसे. पण मला तोंड कुठे होते? माझ्यावर गवत लावले, पायवाट काढली, माथ्यावर एक लाकडी बाक रोवला. लोक येऊ लागले. तळे, त्यापलीकडची घरांची छपरे, संध्याकाळचे आकाश, सगळे माझ्या खांद्यावर उभे राहून बघू लागले. ज्याला जन्मभर कचरा म्हटले, त्याच्यावर उभे राहून कोणी "काय सुंदर आहे" म्हणाले, तर त्याला काय वाटत असेल? मी हुरळून गेलो. आतल्या आगीकडे मी चक्क काणाडोळा केला.

निवृत्त झाल्यावर रिव्हर्सकाका बायकोला घेऊन वर येऊ लागले. काकूंचे गुडघे थंडीत धरत. पण माझ्या बाकाजवळ पाय टेकले की त्यांना आराम पडे. जमीन उबदार होती. काकू म्हणत, डॉक्टरांपेक्षा ही टेकडी बरी, निदान गोळ्या तरी देत नाही. घराबाहेर पडायचे सोडलेली ही बाई आता सकाळी नवऱ्याच्या आधी चपला घालून दारात उभी राही.

रिव्हर्सकाकांना त्या उबेचा अर्थ पहिल्याच हिवाळ्यात कळला होता. आयुष्य ढिगाऱ्यांवर काढलेल्या माणसाला तो न कळून कसे चालेल? आपल्या 'झोपलाय की'चे काय झाले, तेही त्यांच्या ध्यानात आले. रोज ते बायकोचे पाय त्या जमिनीवर टेकवत आणि स्वतः तळ्याकडे बघत बसत. सांगावे, तर माथा बंद होणार. तिची ऊब जाणार आणि ती पुन्हा खिडकीशी बसणार. मग ते स्वतःलाच समजावत, एवढी वर्षे काही झाले नाही, आता काय होणार आहे. मीही खालून तेच म्हणत होतो.

एका सकाळी उठताना काकूंची काठी बाकाशेजारी मुठीपर्यंत आत गेली. काढली तेव्हा भोकातून वाफ आली. काकांनी घाईघाईने त्यात दगड सारला आणि वरून पायाने माती दाबली.

"उंदराचं बीळ असेल," ते म्हणाले.

"असेल," काकू म्हणाल्या.

त्याच आठवड्यात मुलांनी घसरगुंडीची जागा बदलली. ती पुठ्ठ्याच्या खोक्यांवर बसून माझ्या उतारावरून घसरत. बाकाजवळचे गवत कोरडे, म्हणजे पुठ्ठा जास्त पळतो, हा शोध त्यांना लागला होता. एकेक पुठ्ठा सुसाट त्या दगडावरून जाई, आणि प्रत्येक वेळी काकांचा हात बाकाच्या कडेवर घट्ट होई.

दुसऱ्या दिवशी ते पायथ्याच्या खोलीत गेले. तिथे माझी देखरेख करणाऱ्या मॅडम बसतात. दाराशी चिखलाचे बूट, भिंतीवर माझा नकाशा, टेबलावर गार झालेला चहा. काकांनी थंडीबद्दल सांगितले, बाकाच्या हललेल्या खिळ्याबद्दल सांगितले आणि परत आले. संध्याकाळी पुन्हा गेले. पुन्हा थंडीच निघाली. मॅडम म्हणाल्या, काका, थंडी कमी करणे माझ्या हातात नाही. तेव्हा ते खुर्चीत बसले आणि नकाशावर बोट ठेवून म्हणाले, "हा भाग झोपलेला नाही. मला माहीत होतं."

मॅडमनी त्याच संध्याकाळी माथ्यावर दोर बांधला.

पायवाटेच्या वळणावर काकू वाट बघत होत्या. काकांनी या खेपेला हवापाणी काढले नाही.

"तुझी जागा घालवली मी," ते म्हणाले.

"बरं केलंत. चटके बसत होते तिथं. चादरीची घडी करून पायाखाली घेत होते मी."

"मग बोलली का नाहीस, अगं?"

"अहो, तुम्ही एवढ्या हौसेनं आणत होता. आपण दोघं आणखी कुठं जातो का?"

काकांनी काकूंना हात दिला आणि दोघे खाली उतरले. त्या रात्री मला माझ्या उबेची लाज वाटली. दोघेही एकमेकांसाठी गप्प बसले होते, आणि त्या शांततेवरून लोकांची मुले घसरत होती.

मग यंत्रे आली. माझा माथा उघडून तापलेली माती बाहेर पसरली, निववली, थराथराने दाबली आणि वर चिकणमाती घातली. बाकाखाली एक खोली मावेल एवढी पोकळी निघाली. मी आता पूर्वीपेक्षा ठेंगणा आहे. काका-काकू खालच्या वळणावरच्या बाकावर बसतात. तिथली जमीन थंड आहे. काकू गुडघे चोळतात, काका दुसरीकडे बघतात. तळे तिथून अर्धेच दिसते.

मित्रांनो, माझ्यासारख्या टेकड्यांवर जरूर चढा, खेळा, लांबवर बघा. आम्हाला ते फार आवडते. पण पायाखाली काही वेगळे लागले, तर ते सुखाचे आहे म्हणून गप्प राहू नका. आमच्यावर माती टाकणाऱ्यांनी काय टाकले ते विचारा. आम्हाला सांगता येत नाही, आणि खरे म्हणजे, कौतुक होत असताना आम्हाला सांगायचेही नसते.

माथ्यावर बाक रोवला त्या दिवशी, खड्डा खणणाऱ्याने माती गरम लागते म्हणून हातमोजे घातले होते.