पन्नास वर्षं कोणाची

१९३६च्या श्रावणातली गोष्ट. दोंडाईच्याजवळच्या एका गावातल्या बायका कानबाई देवीला निरोप द्यायला नदीकडे निघाल्या होत्या. पुढे यशोदाबाईची लेक छापील चोपडीत बघून गात होती. गाणं झुंबरबाईच्या मेलेल्या नवऱ्याने रचलेलं. शेवटच्या ओळीत रचणाऱ्याचं नाव यायचं, तशी रीतच होती. पोरगी त्या ओळीवर आली नि खणखणीत आवाजात म्हणाली, "रतिलाल म्हने, कानबाई माय..."

मागून चालणाऱ्या झुंबरबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रतिलाल? ज्याला जन्मात दोन ओळी जुळवता आल्या नाहीत, तो जळगावचा छापखानेवाला? गेल्या साली "अक्का, अक्का" करत ओट्यावर बसला, भाकरी खाल्ली, तिच्याकडून नवऱ्याची सगळी गाणी उतरवून घेतली. खाल्ल्या घरचे वासे मोजणारे पुष्कळ असतात, या बहाद्दराने वासेच काढून नेले!

दुसऱ्या दिवशी गाडीने ती जळगावात उतरली नि चोपडी त्याच्या पुढ्यात आपटली.

रतिलालने कपाळावर आठीसुद्धा आणली नाही. "अक्का, रचणारा गेला की गाणं गावाचं होतं."

"मंग गावनं नाव टाकतास! तुनं कशाले टाकं?"

त्यावर तो नुसता हसला. झुंबरबाई तरातरा निघाली ती समोरच्या माडीवर सुकदेव वकिलांकडे. वकिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि रतिलाललाही बोलावणं धाडलं.

"गाणं गावाचं होत नाही," ते म्हणाले. "कायदा आहे. रचणारा जिवंत असेतो हक्क त्याचा, नि तो मेल्यावर पन्नास वर्षं त्याच्या वारसांचा."

पन्नास वर्षं! झुंबरबाईला बरं वाटलं. सरकारदरबारी तरी तिच्या माणसाच्या गाण्याची कुणी किंमत ठेवली होती.

"पण," वकील म्हणाले, "चोपडीवर ज्याचं नाव, तोच कर्ता असं कोर्ट आधी धरतं. दुसरं सिद्ध होईतो गाणी रतिलालची. आणि त्याची पन्नास वर्षं तो मेल्यावर सुरू होतील."

"त्या मरी ग्यात, त्यानं काहीच नही? नि हाऊ मरी तवयपाईन मोजनं?"

नवऱ्याचं मरण जमेलाच नाही, मोजणी रतिलाल मरेल तेव्हापासून! तिच्या अंगाचा नुसता भडका उडाला. रतिलाल चाळिशीतला, रोज तूप ओरपणारा गडी. तो सावकाश म्हातारा होणार, मग मरणार, आणि त्यानंतरही पन्नास वर्षं त्याची पोरं ही गाणी आमच्या बापाची म्हणून विकत बसणार. चोरीला एवढं आयुष्य, आणि ज्याने रचलं त्याचं नावही उरायचं नाही. हा कसला न्याय?

तेवढ्यात रतिलाल जिना चढून आला. "वकीलसाहेब, मी काही चोरलं नाही. अक्कांनी गायलं तसं उतरवलं. शेवटच्या ओळीत त्यांनी नाव सांगितलंच नाही. जागा रिकामी होती, मी भरली."

हे मात्र खरं होतं. बाईमाणसाने नवऱ्याचं नाव तोंडाने कसं घ्यायचं? त्या ओळीवर आली की झुंबरबाई खाली बघून "आमना घरना म्हने" एवढंच गायची. घरधनी कोण ते अख्ख्या गावाला माहीत होतं. ओट्यावर बसून भाकरी खाणाऱ्या रतिलाललाही माहीत होतं. तिच्या मर्यादेची त्याने खुंटी केली आणि आपली पगडी टांगली.

"नोटीस काढायची तर तिच्यात कर्त्याचं नाव लागेल, बाई," वकील म्हणाले.

"गावले इचारा. बठ्ठासले ठावकी शे."

"गाव साक्षीला येईल. पण वारस तुम्ही, नाव तुम्हीच सांगायला हवं." मग जरा गमतीने ते म्हणाले, "संकोच वाटत असेल तर उखाण्यात घ्या."

रतिलाल खुदकन हसला. त्या हसण्याने झुंबरबाईचा उरलासुरला संकोच जळून गेला.

"उखाना लगीनमा ऱ्हास," ती उभी राहत म्हणाली. "आठे भांडन शे."

संसार झाला, वैधव्य आलं, पण हे नाव असं सरळ तिच्या तोंडी कधी आलं नव्हतं.

"झुलाल," ती म्हणाली. मग रतिलालकडे वळून, खाली रस्त्यावरची माणसं थबकतील अशा आवाजात ओरडली, "झुलाल! झुलाल! झुलाल!"

रतिलालने मान खाली घातली. वकिलांनी टाक शाईत बुडवला.

"लिखं का?" झुंबरबाईने विचारलं. "आते मोजा तुमना पन्नास वरीस."