सगळ्यात उशिरा येणारी भाजी

बियाण्यांच्या दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक एकच विचारतं, लवकर काय येईल? मुळा किती दिवसांत, पालक किती दिवसांत. लोकांना सगळं हातावर हवं असतं. त्यामुळे म्हाताऱ्या कंपाउंडरांनी काउंटरवर दोन्ही हात टेकून सगळ्यात उशिरा येणारी भाजी मागितली, तेव्हा दुकानवाल्या बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. मग ब्रसेल्स स्प्राउट्सचं पाकीट पुढे केलं. उंच दांडा, त्याला खालपासून वरपर्यंत लगडलेले लिंबाएवढे कोबीचे गड्डे. आज पेरलं तर सहा-सात महिने लागतील, बाईंनी बजावलं. चालेल, कंपाउंडर म्हणाले. खरं तर त्यांना सात वर्षंही चालली असती.

कारण होतं सून. मुलगा जाऊन तीन वर्षं झाली होती, बायको त्याच्याही आधी गेलेली. घरात ही दोघंच. ती चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची, ते निवृत्त होऊन वर्तमानपत्र दोनदा वाचायचे. आदल्या रविवारी तिने त्यांच्यासमोर चहा ठेवला आणि कपाकडे बघतच सांगितलं, की लिफ्ट दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत, त्यांनी लग्नाचं विचारलंय आणि तिला हो म्हणावंसं वाटतंय. गृहस्थांचं घर पाच तासांवर होतं.

कंपाउंडरांनी पस्तीस वर्षं लोकांच्या हातात कडू औषधं हसतमुखाने ठेवली होती. तसंच हसून ते म्हणाले, छान झालं. आणि त्याच दमात म्हणाले, परसात यंदा काहीतरी लावायचं मनात आहे, घरची भाजी खाऊन जा म्हणजे झालं. ती म्हणाली, बरं, खाऊनच जाईन. बिचारीला वाटलं, पालक असेल.

बी त्यांनी दवाखान्यातल्या चिमट्याने रोपांच्या ट्रेमध्ये पेरलं. एका खळग्यात दोन दाणे, तिसरा पडला तर उचलून परत पाकिटात. ट्रेवर बाटलीला लावतात तशी चिठ्ठी डकवली, 'पाणी, सकाळ-संध्याकाळ, थोडे थोडे'. सुनेने खाली पेन्सिलने लिहिलं, 'जेवणानंतर'. ते वाचून कंपाउंडर कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसले, आणि मग त्यांना फार वाईट वाटलं. असं चिठ्ठीवर लिहिणारं माणूस आता घरातून जाणार होतं.

रोपं वीतभर झाल्यावर ती परसात लावायची वेळ आली. बारा रोपं. या झाडाला भुसभुशीत माती चालत नाही, मुळं हलली की गड्डे घट्ट होत नाहीत, फुलासारखे सुटतात. म्हणून आधी वाफा तुडवावा लागतो. एका संध्याकाळी सासरा आणि सून वाफ्यात शेजारी-शेजारी टाचा आपटत चालत होते. भिंतीपलीकडच्या म्हातारीने डोकावून विचारलं, काय हरवलंय का? सून म्हणाली, नाही आजी, बाबांचा राग काढतोय जमिनीवर. कंपाउंडर खाली मान घालून तुडवत राहिले. रोप लावल्यावर त्याचं पान ओढून बघायचं, पान फाटलं पाहिजे, रोप हलता कामा नये. त्यांनी बाराच्या बारा ओढून बघितली.

पावसाळाभर फुलपाखरांनी पानांखाली अंडी घातली. चष्म्याच्या दुकानातलं भिंग लावून सून ती एकेक शोधायची, ते बोटाने पुसायचे. मुलाबद्दल दोघं बोलत नव्हते. पण एकदा पान धरल्या-धरल्या ती सहज म्हणाली, "यांना तर कोबीचा वासही चालायचा नाही," आणि कंपाउंडरांनी पुढचं पान उलटून तिच्यासमोर धरलं.

मग पाखरांनी शेंडे टोचायला सुरुवात केली, तेव्हा जाळी बांधायला लिफ्टवाले गृहस्थच आले. कंपाउंडर खुर्ची टाकून बसले, खोट काढायला. माणूस आळशी असता, बढाईखोर असता, निदान चहात चार चमचे साखर घेणारा असता तरी चाललं असतं. पण त्याने जाळी नीट ताणली, हत्यारं पुसून ठेवली आणि जाताना त्यांच्या खोलीचं कुरकुरणारं दार न सांगता तेल घालून दिलं. नाव ठेवायला जागाच नाही म्हटल्यावर कंपाउंडरांना त्या रात्री जेवण गेलं नाही.

थंडीची चाहूल लागली आणि पानांच्या बगलेत गड्डे धरले. खत आणायला गेले तेव्हा दुकानवाल्या बाईंनी विचारलं, शेंडे खुडलेत का? शेंडा खुडला की झाडाचा सगळा जोर गड्ड्यांत उतरतो, तीन आठवड्यांत खालपासून वरपर्यंत एकदम भरतात. नाही खुडला तर खालचे आधी, वरचे नंतर, असं महिनोन् महिने चालतं. कंपाउंडरांनी बाईंचे आभार मानले आणि घरी येऊन शेंड्यांना हातही लावला नाही.

तरी खालचे भरलेच. त्यांच्या हातात असतं तर त्यांनी तेही थांबवले असते. एका सकाळी सून कामावर गेल्यावर त्यांनी जाळी उचलून बघितलं, तर सगळ्यात खालचे गड्डे गच्च, हिरवेगार, बोटाने दाबले तरी दबेनात. त्यांनी ते तोडले, कोपऱ्यातल्या खताच्या ढिगात खोल खुपसले आणि वर पालापाचोळा ओढला. संध्याकाळी तिने विचारलं तेव्हा सांगितलं, अजून वेळ आहे. पुढच्या आठवड्यात तसंच, त्याच्या पुढच्या आठवड्यातही. सहा महिने पाणी घालून वाढवलेली भाजी हा सज्जन माणूस स्वतःच्या हाताने मातीत घालत होता, आणि हात धुताना त्याला आरशात बघवत नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी भाजीची सालं टाकायला सून ढिगाकडे गेली. कंपाउंडर वर्तमानपत्र वाचत होते. ती बराच वेळ आली नाही म्हणून ते मागच्या दारात गेले. ती ढिगाशी उकिडवी बसली होती. ओच्यात गड्डे होते, काही कुजलेले, काही अजून ताजे. ती एकेकाची माती पुसत होती.

कंपाउंडरांनी वेळ मारून न्यायचा विचार केला. कीड होती म्हणावं, कडू निघाले म्हणावं.

"बाबा," ती वर न बघता म्हणाली, "थांब म्हणायचं होतंत. मी थांबले असते."

"माहीत आहे," ते म्हणाले. "म्हणून तर म्हटलं नाही."

तिने ओच्यातले गड्डे तसेच ठेवून चेहरा गुडघ्यात घातला. तिच्या पाठीवर हात ठेवावा असं त्यांना फार वाटलं. सासऱ्याचा हात, कसा ठेवायचा, किती वेळ ठेवायचा, त्यांना काही सुचलं नाही. शेवटी ते तिच्याशेजारी जमिनीवरच बसले, आणि चांगले गड्डे एका बाजूला, कुजलेले दुसऱ्या बाजूला, असे निवडू लागले. थोड्या वेळाने तीही निवडू लागली. चांगले अकरा निघाले. दुपारी तिने ते मीठ घालून उकडले. दोघांनी सगळे खाल्ले.

जेवण झाल्यावर कंपाउंडर परसात गेले. जाळी त्यांनी एका बाजूने सोडली आणि पहिल्या झाडापासून सुरुवात केली. अंगठ्याच्या नखाने शेंडा खुडायचा, खिशात टाकायचा, पुढच्या झाडाकडे जायचं. बाराव्या झाडाशी येईस्तोवर खिसा फुगला होता. सून स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहून बघत होती. त्यांनी तिच्याकडे वळून नुसती मान डोलावली.

बाईंनी तीन आठवडे सांगितले होते. गड्डे अठरा दिवसांतच भरले.